एक ते दहामध्ये किती, मामा?

माझी भाची एमबीए करते. म्हणजे करते ती आणि भोगतो आम्ही. पहिल्या वर्षी तिला ‘ग्राहकाचे वर्तन’ असा विषय होता. तेव्हा ती वही घेऊन माझ्या बायकोच्या मागे पापडीच्या बाजारात दोन तास फिरली आणि वांग्यांचा भाव करताना माणूस नेमका कितव्या मिनिटाला ‘राहू दे तुझी वांगी’ म्हणून पाठ फिरवतो, याचा तक्ता करून बसली. यंदाचा विषय निघाला ‘कर्मचाऱ्यांचा संगणकीय आत्मविश्वास आणि तंत्रज्ञानाचा ताण’. विषय ऐकूनच मला थोडा ताण आला.

“मामा, तुमच्या कंपनीत येऊन सगळ्यांकडून प्रश्नावली भरून घेऊ?”

आमची कंपनी म्हणजे वसई पूर्वेला, वालीवच्या बाजूला, एका इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा. आम्ही प्लास्टिकची झाकणं बनवतो. बाटलीची, बरणीची, डब्याची. खाली चार मोल्डिंग मशीनं धडधडतात, वर पोटमाळ्यावर ऑफिस. ऑफिसात तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक देव्हारा आणि मी. सत्तावीस वर्षं मी इथले हिशोब बघतो आहे. दर दसऱ्याला मशीनांबरोबर कॉम्प्युटरलाही हळदकुंकू लागतं, झेंडूची माळ पडते. त्या दिवशी तो बंद असतो. वर्षभरात तेवढाच एक दिवस मला त्याच्याबद्दल खरी भक्ती वाटते.

भाची आली. तिची प्रश्नावली साधीसुधी नव्हती. कॅनडातल्या कॉम्पो आणि हिगिन्स नावाच्या दोन संशोधकांनी १९९५ साली दहा प्रश्न तयार केले होते, त्यांचा आधार तिने घेतला होता. कल्पना अशी, की तुम्हाला कामासाठी एक नवं कोरं सॉफ्टवेअर दिलं आहे. आता सांगा, शेजारी सांगायला कुणी नसेल तर काम जमेल का? नुसती पुस्तिका दिली तर? आधी कुणाला तरी ते वापरताना पाहिलं असेल तर? अडल्यावर फोन करायला माणूस असेल तर? कुणी सुरुवात करून दिली तर? हो म्हणालात, तर किती खात्रीने? एक ते दहामध्ये आकडा द्या.

सर्वांत आधी शेठनी भरून दिली. सगळीकडे नऊ. शेठनी आजवर कॉम्प्युटरला हात लावलेला मी पाहिलेला नाही. त्यांचा सगळा कारभार मोबाईलवर, आणि मोबाईलचा कारभार पहाटे साडेपाचला गुलाबाच्या फुलावर ‘सुप्रभात’ लिहून पाठवण्यापासून सुरू होतो. पण आकडा नऊ. जो पोहायला उतरतच नाही, त्याला पाण्याची काय भीती?

चहापाण्याच्या आणि झाडलोटीच्या मावशींनी आठ सांगितले. “कॉम्प्युटर बंद पडला तर काय कराल, मावशी?” भाचीने विचारलं. “वायर काढते, फडक्याने पुसते, परत लावते. चालू होतो.” आमच्या दुरुस्तीवाल्याची सगळी विद्या एवढीच आहे. फक्त तो तिचे साडेचारशे रुपये घेतो.

खालचा मोल्ड डिझाइन करणारा मुलगा तेवीस वर्षांचा आहे. त्याने सगळीकडे दहा लिहून कागद परत दिला आणि वर विचारलं, “हे मोबाईलवर का नाही बनवलं?”

माझ्यापाशी मात्र पेन अडलं.

वास्तविक आम्ही वसई-विरारची माणसं भित्री नाही. सकाळच्या विरार फास्टमध्ये जो रोज चढतो, त्याला भित्रा कोण म्हणेल? ही गाडी थांबायच्या आधी तिच्यात कसं शिरायचं, दाराशी कुठला खांब धरायचा, बोरिवलीला उतरायचं असेल तर चढायचं धाडसच का करायचं नाही, हे सगळं आम्हाला येतं. त्याची पुस्तिका नाही, परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. अंगावर शंभर माणसांचा भार असताना चौथ्या सीटवर एक मांडी टेकवून आम्ही गाढ झोपतो आणि आपलं स्टेशन यायच्या अर्धा मिनिट आधी डोळे उघडतो. असला माणूस ऑफिसात येतो, खुर्चीवर ऐसपैस बसतो, समोर ‘ही फाइल नक्की डिलीट करायची का?’ अशी एवढीशी चौकट येते आणि त्याच्या तळहाताला घाम सुटतो. नक्की? नक्की म्हणजे? याला काही माहीत आहे का, जे मला माहीत नाही?

ही भीती कुठून आली याचा मी खूप विचार केला. मला वाटतं, ती चपलांपासून आली. नव्वदच्या दशकात आम्ही पहिल्यांदा कॉम्प्युटर बघायला गेलो, तेव्हा खोलीच्या दाराबाहेर चपला काढायला लावल्या होत्या. आत थंडगार एसी, खिडक्यांना पडदे, मशीनवर प्लास्टिकचं आवरण. सर हळू आवाजात बोलत होते. कोणी म्हणालं, धुळीने त्याला व्हायरस होतो. आम्ही मागे हात बांधून, दुरून दर्शन घेऊन बाहेर आलो. ज्याची ओळखच अशी सोवळ्यात झाली, त्याच्या पाठीवर पुढे थाप कशी मारायची? देवाला नैवेद्य दाखवता येतो, त्याच्याकडून पगारपत्रक करून घ्यायला जीभ वळत नाही.

माझे थोरले काका बँकेत होते. त्यांच्या काळी तर कॉम्प्युटर हा शब्दच बँकेत जपून उच्चारावा लागे. नोकऱ्या जातील म्हणून संघटनांचा विरोध होता. १९८३ साली बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला, १९८४मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि मग शाखांमध्ये जे यंत्र येऊन बसलं त्याचं नाव होतं ‘अॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन’. म्हणजे खतावणी करणारं, जरा सुधारलेलं मशीन. बाकी काही नाही हो. असा तो पाहुणा म्हणून घरात आला आणि बघता बघता घरमालक झाला. काका निवृत्त होईपर्यंत त्याला ‘ते मशीन’च म्हणत. नाव घेतलं की अंगाला लागतं, अशी त्यांची समजूत असावी.

मग २००१ साल उजाडलं आणि महाराष्ट्रात एमएस-सीआयटी आली. एमकेसीएलच्या या कोर्सने गावोगावच्या गाळ्यांना ‘अधिकृत केंद्र’ केलं. साड्यांच्या दुकानावर केंद्र, पिठाच्या गिरणीशेजारी केंद्र. सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना संगणकाची परीक्षा सक्तीची केली, मुदत वाढवत वाढवत २००७च्या अखेरपर्यंत नेली, आणि ज्यांना ती गाठता आली नाही त्यांच्या वेतनवाढी अडकल्या. पन्नाशीकडे झुकलेले मास्तर लोक आपल्याच माजी विद्यार्थ्यांसमोर बाकावर बसले. माझा एक शिक्षक मित्र तेव्हा शहाऐंशी टक्क्यांनी पास झाला. प्रमाणपत्राला त्याने लॅमिनेशन केलं आणि जीवदानी आईच्या तसबिरीशेजारी लावलं. आजही तो ईमेल पाठवायचा झाला की आधी त्या भिंतीकडे बघतो आणि मग मुलीला हाक मारतो.

हसायचं कारण नाही, मीही तो कोर्स केला आहे. त्यात मी ‘पेंट’मध्ये घर काढलं. दोन डोंगर, मधोमध सूर्य, डाव्या हाताला नारळ. त्या वर्षांत अख्ख्या महाराष्ट्राने तेच घर काढलं असणार. पुढच्या दोन दशकांत माझ्याकडे शेठनी झाकणांचे हिशोब मागितले, जीएसटी मागितला, टीडीएस मागितला. डोंगरामागून उगवणारा सूर्य एकदाही मागितला नाही.

“मामा, यालाच टेक्नोस्ट्रेस म्हणतात,” भाची म्हणाली. हा शब्द क्रेग ब्रॉड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८४ साली त्यावर पुस्तक लिहून रूढ केला. मी हिशोब घातला. ज्या वर्षी आमच्या बँका मशीनला दारातून आत घ्यावं की नाही यावर अहवाल वाचत होत्या, त्याच वर्षी तिकडे लोकांना त्याचा त्रास होऊन त्यावर पुस्तकही निघालं होतं. पुढे २००७मध्ये मोनिदीपा तराफदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ताणाची पाच कारणं मांडली. अतिभार, घुसखोरी, गुंतागुंत, असुरक्षितता आणि अनिश्चितता. भाचीने ती वाचून दाखवली आणि मला वाटलं, ही मंडळी गुपचूप आमच्या गाळ्यात येऊन गेली की काय!

अतिभार म्हणजे काय? कॉम्प्युटर आला तेव्हा सांगितलं होतं, कागद संपणार. आता मी एकच चलन चलनबुकात लिहितो, एक्सेलमध्ये लिहितो, हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरतो आणि मग त्याचा फोटो काढून शेठच्या व्हॉट्सअॅपवर टाकतो. शेठ तो फोटो बघतात आणि विचारतात, “याची प्रिंट कुठे आहे?”

घुसखोरी म्हणजे आमचा शुक्रवार. आमच्या गाळ्याची सुट्टी शुक्रवारी. पूर्वी गाळ्याचं शटर खाली ओढलं की नोकरी आत आणि आपण बाहेर. आता शटर खिशात घेऊन फिरावं लागतं. मध्यंतरी जीवदानीच्या पायऱ्या चढत होतो. निम्म्यावर टेकलो तोच ग्रुपवर मेसेज आला, “पांढऱ्या झाकणांचा स्टॉक किती?” खाली अख्खं विरार दिसत होतं. स्टॉक दिसत नव्हता.

गुंतागुंत पाहायची असेल तर वसईत कामगारांच्या पीएफचं काम करावं. चिमाजी अप्पांनी १७३९मध्ये वसई घेतली, पोर्तुगीज गेले, पण आडनावांची स्पेलिंगं मागे ठेवून गेले. रॉड्रिग्ज हे आडनाव सख्ख्या भावांमध्येही एक राहील याची खात्री नाही. एकाच्या शेवटी एस, दुसऱ्याच्या झेड, आणि तिसऱ्याला शाळेत घालताना मास्तरांनी ऐकलं तसं सीकेएस. गावात कधी कुणाचं काही अडलं नाही, कारण गावात माणूस घराण्याच्या नावाने ओळखतात. पण आधारवर एक, पॅनवर दुसरं आणि पीएफला तिसरं असलं की कॉम्प्युटरच्या लेखी ती तीन माणसं होतात आणि पैसे तिघांपैकी कुणालाच मिळत नाहीत. आमच्या हिंदू मंडळींनी हुरळून जाऊ नये. वैतीला शेवटी आय की वाय, यावर आमच्या गाळ्यात एक पूर्ण दुपार गेली आहे.

असुरक्षितता मला दारावरच्या पाटीत दिसते. वसईच्या कुठल्याही इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये ‘अकाउंटंट पाहिजे’ अशी पाटी लागली की मुलाखतीत पहिला प्रश्न एकच असतो, “टॅली येतं?” नावे काय टाकायचं आणि जमा काय करायचं हे येतं का, असं कुणी विचारत नाही. मी रोजमेळावर हात बसवून मग कॉम्प्युटरकडे आलो. पोरं आधी कॉम्प्युटरवर येतात आणि ताळेबंद जुळला नाही की माझ्याकडे येतात. तेवढ्या आधारावर माझी खुर्ची टिकून आहे.

आणि अनिश्चितता म्हणजे अपडेट. रात्री तुम्ही झोपलात आणि सकाळी उठून बघता तो बायकोने स्वयंपाकघर हलवलं आहे. साखरेच्या डब्यात मीठ, मिठाच्या डब्यात रवा. वर ती विचारते, “आता किती सुटसुटीत झालं, नाही?” हिशोबाचं आमचं सॉफ्टवेअर एके सकाळी असंच बदललं. सोळा वर्षं माझी बोटं न बघता ज्या कळेवर पडायची, तिथे आता भलतंच काही उघडू लागलं. मी महिनाभर वाट चुकलेल्या बैलासारखा जुन्या गोठ्यासमोर जाऊन उभा राहायचो.

या पाचांत मी माझ्यातर्फे आणखी एक घालतो. विस्मरण. माझे सगळे पासवर्ड मी कालनिर्णयच्या मागच्या पानांवर लिहायचो. बँक, जीएसटी, पीएफ, वीजबिल, सगळं एका जागी. भविष्याच्या बाजूलाच, म्हणजे गरज पडली तर दोन्ही एकदम बघता येतात. एका जानेवारीत बायकोने नवं कालनिर्णय लावलं आणि जुनं रद्दीत दिलं. आमचं वर्षभराचं आर्थिक गुपित चौदा रुपये किलोने गेलं. त्या भावात कुठल्याही हॅकरला ते परवडलं असतं.

मराठी टायपिंगचं दुखणं तर वेगळंच. २००९च्या दिवाळीत मी बोनसची सुंदर नोटीस मराठीत टाइप केली होती, तेव्हाच्या जुन्या फॉन्टमध्ये. नव्या कॉम्प्युटरवर ती उघडली तर कंस, उद्गारचिन्हं आणि डॉलर यांची दंगल. शेठ म्हणाले, “बोनस डॉलरमध्ये कबूल केला होता काय?” आता गंमत बघा. आमच्या नालासोपाऱ्यात, म्हणजे जुन्या शूर्पारकात, सम्राट अशोकाने आपल्या आज्ञा दगडावर कोरून लावल्या होत्या. आठव्या आज्ञेचा तुकडा १८८२मध्ये भगवानलाल इंद्रजींना मिळाला, नवव्या आज्ञेचा पुढे १९५६मध्ये जवळच भुईगावात. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा तो मजकूर आजही वाचता येतो. माझी २००९ची नोटीस वाचता येत नाही.

इथवर मी आमचीच चेष्टा केली, पण सगळा दोष घाबरणाऱ्याच्या पदरात टाकणं बरोबर नाही. २०२१च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभर अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. बायका मोबाईलला घाबरल्या असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. याच बायकांनी आधी त्याच मोबाईलवर काम शिकून घेतलं होतं. पण ते फोन कमी ताकदीचे, तापणारे, बंद पडणारे होते आणि दुरुस्तीचा खर्च त्यांच्या तुटपुंज्या मानधनातून जायचा. वर ‘पोषण ट्रॅकर’ नावाचं नवं अॅप आलं ते इंग्रजीत. ज्या बाईला पाड्यावरच्या प्रत्येक पोराचं वजन आणि त्याच्या आईचं माहेर तोंडपाठ आहे, तिने त्या पोराचं नाव परक्या भाषेत भरायचं! चप्पल पायाला लागली तर आपण पाय कापत नाही, चप्पल बदलतो. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र माणसालाच प्रशिक्षणाला पाठवतात.

आणि कधीकधी आमचाही दिवस येतो. २०१८च्या जुलैत वसई-विरार पाण्याखाली गेलं होतं. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी, गाड्या बंद, वीज गायब. आमच्या ऑफिसातला यूपीएस अर्धा तास केकाटला आणि शांत झाला. पाणी ओसरल्यावर गाळ्यात येऊन मी कपाटातून जुनी लाल खातेवही काढली, कार्बन पेपर शोधला, आणि वीज येईपर्यंत पोटमाळ्यावर माझं राज्य होतं. “काका, हे कसं लिहायचं?” असं पोरं मला विचारत होती. मी उगाचच चष्मा कपाळावर चढवून बोलत होतो. वीज आली. पहिल्या दहा मिनिटांत शेठ म्हणाले, “आता हे सगळं सिस्टीममध्ये टाका.” राज्य गेलं, एंट्र्या उरल्या.

भाची आली होती त्या दिवशी तिला हे सगळं प्रत्यक्ष बघायलाही मिळालं. वापीला माल जायचा होता. टेम्पो गेटवर उभा, ड्रायव्हर हॉर्नवर. पन्नास हजारांच्या वरचा माल राज्याबाहेर जायचा तर ई-वे बिल पाहिजे. लॉगिन केलं, ओटीपी मागितला. ओटीपी जातो शेठच्या मोबाईलवर. शेठ त्या वेळी मुंबईला निघालेले, विरार फास्टमध्ये. फोन खिशात थरथरलेला त्यांना कळला. पण हात वर, खांबाला. तो खाली आणून खिशापर्यंत नेण्याइतकी जागा त्या डब्यात नव्हती. ओटीपी खिशात, खिसा गर्दीत, गर्दी गाडीत आणि गाडी भाईंदरच्या खाडीवर. बोरिवलीला जरा हवा खेळली तेव्हा शेठनी आकडा कळवला. तोवर तो शिळा झाला होता. मग नवा मागवला.

या घाईत मी पाचशे बॉक्सऐवजी पाच हजार लिहिले आणि बटण दाबलं. बिल तयार झालं. माझ्या लक्षात आलं आणि माउसवरून माझा हात असा उडाला, जसा तापलेल्या तव्यावरून उडतो. आता काय होणार? दंड? धाड? सरकारच्या कॉम्प्युटरमध्ये आमची साडेचार हजार बॉक्सची लबाडी कायमची नोंदली गेली?

खालून डिझाइनवाला मुलगा धावत आला. “सरका काका.” त्याने माझ्या हाताखालून माउस ओढून घेतला. टक, टक, टकटक. पडद्यावर चार पानं आली आणि गेली. “झालं काका.” आणि तो निघूनही गेला. बिल रद्द होऊन नवं झालं होतं. टेम्पो सुटला. ड्रायव्हर खूश, शेठ खूश. मी मात्र होतो तिथेच. उद्या पुन्हा चूक झाली तर काय करायचं, हे मला अजूनही ठाऊक नव्हतं.

भाची हे सगळं बघत होती. ती म्हणाली, “मामा, वहीत कधी चूक झाली नाही तुमची?”

“शेकडो झाल्या.”

“मग काय करायचात?”

“काय करायचंय? चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा, बाजूला सही करायची.”

“इथेही तसंच आहे. ई-वे बिल चोवीस तासांत रद्द करता येतं. ही तुमची आडवी रेघ.” मग तिने मला कंट्रोल आणि झेड दाबायला लावलं. मी एक शब्द लिहिला, पुसला, आणि ती दोन बटणं दाबताच तो परत आला. पुन्हा केलं. पुन्हा आला. एमएस-सीआयटी करून इतकी वर्षं झाली, सूर्य काढायला शिकवलं, ही दोन बटणं कुणी डोक्यात उतरवली नाहीत. किंवा शिकवलीही असतील, पण मी तेव्हा डोंगर रंगवत असेन.

मला वहीची भीती का नव्हती, ते तेव्हा कळलं. वहीत चूक करायला जागा होती आणि ती निस्तरायची रीत माझ्या हातात होती. कॉम्प्युटरवर ती रीत नेहमी दुसऱ्याच्या हातात. तो येतो, टकटक करतो, ‘झालं’ म्हणतो. काम होतं आणि आपण आणखी थोडे अडाणी होतो. भीती मशीनची नसतेच फारशी. पोरांसमोर हसं होईल, याची असते.

या गोष्टीला पंधरवडाच झाला असेल, तोच डिझाइनवाला मुलगा कुठल्यातरी बक्षिसाचा चेक घेऊन माझ्या टेबलाशी आला. हातात बँकेत भरायची स्लिप. बटणांवर अख्खा मोल्ड उभा करणारा तो पोरगा, स्लिपकडे असा बघत होता जसा मी डिलीटच्या चौकटीकडे बघतो. “काका, हे ‘अक्षरी रुपये’ म्हणजे काय लिहायचं? चुकलं तर चेक फुकट जाईल का? तुम्हीच भरा ना.”

माझा हात पेनाकडे गेला. खरं सांगतो, फार गोड वाटलं. टकटक लिहून ‘झालं’ म्हणायची संधी इतक्या वर्षांत पहिल्यांदा आली होती. पण मी हात मागे घेतला. म्हटलं, “बस इथे. तूच लिही. मी सांगतो.” त्याने दोन स्लिपा फाडल्या, तिसरी बरोबर भरली आणि परीक्षेचा निकाल लागल्यासारखा हसला.

त्या महिन्याच्या वीस तारखेला माझं जीएसटीचं घोडं अडलं. मी हाक मारली. तो आला. सवयीने त्याचा हात माउसकडे निघाला, वाटेत थांबला आणि त्याने तो पाठीमागे नेला. “वर डावीकडे बघा, काका. तिथे नाही, त्याच्या खाली. हां, आता दाबा.” पाच मिनिटांच्या कामाला पंचवीस मिनिटं लागली. पण पुढच्या महिन्यात मी हाक मारली नाही.

विरार फास्टमध्ये मला पहिल्यांदा चढायला शिकवलं, त्या माणसाचं नाव मला माहीत नाही. त्याने मला उचलून गाडीत ठेवलं नव्हतं. खांब कुठला धरायचा ते ओरडून सांगितलं आणि पाठीला एक धक्का दिला. चढलो मीच.

भाचीचा कागद महिनाभर माझ्या खणात पडून होता. मी शेवटी सहा लिहून दिले. ती म्हणाली, “सहा? छान की मामा.” मी म्हटलं, “ते सहाही एकट्याचे नाहीत, तिथे शेजारी कोण उभं होतं तेही लिही.” तिच्या कॅनडावाल्या दोघांनी आपल्या दहा प्रश्नांत वेगवेगळ्या तऱ्हेने हेच तर विचारलं होतं, की शेजारी कुणी आहे का?

तुमच्या ऑफिसातही कुणी काका, कुणी मॅडम, कुणी साहेब उद्या हाक मारतील. “अरे, हे काय झालं बघ जरा.” जा. शेजारी उभे राहा. हसू आलं तर खिडकीबाहेर बघा. वेळ लागला तर लागू द्या. फक्त त्यांच्या हातातून माउस घेऊ नका.